नकाशात काढलेली झाडं

मी पहिलीत असताना माझ्या आईचा डावा पाय गेला. तुटला असं नाही, पण वाकडा बसला तो कायमचाच. पावसाळ्यात आमच्या नदीचं पाणी गढूळ होई, म्हणून प्यायचं पाणी पलीकडच्या मोठ्या गावच्या विहिरीवरून आणावं लागे. त्या वर्षी दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून आई दगडांवरून नदी ओलांडून गेली आणि परत येताना शेवाळावरून घसरली. हंडा वाचवला, पाय गेला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दीड महिना उठू नको म्हणून सांगितलं. ती आठव्या दिवशी उठली, कारण लावणी अंगावर आली होती. त्यानंतर ती चालताना डावीकडे झुकायची, आणि डोक्यावर हंडा असला की आता पडेल, मग पडेल असं बघणाऱ्याला वाटायचं. ती पुन्हा कधी पडली नाही. बघणारा मी होतो, मी मात्र दर खेपेला मनातून पडत होतो.

उन्हाळ्यात याच्या उलटं. मार्च उजाडला की नदी म्हणजे नुसती वाळू. बायका त्या वाळूत कमरेइतका खड्डा करायच्या आणि करवंटीनं झिरपलेलं पाणी हंड्यात भरत बसायच्या. एक हंडा भरायला बाई दोन घरांच्या भानगडी सांगून संपवायची. बा भातशेती उरकली की कर्जतच्या एका भातगिरणीत पोती उचलायला जायचा. संध्याकाळी अंगणातून भिवपुरीच्या वीजघराचे दिवे दिसायचे. डोंगरावरून पाणी खाली येतं, त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते, असं बा सांगायचा. वीज मुंबईला, ते पाणी दुसऱ्या नदीला आणि आमच्या वाट्याला दिव्यांचं दर्शन. घरात रॉकेलची चिमणी.

आमच्या वाडीचं नाव मी सांगत नाही. सांगून कोणाला कळणारही नाही. कडावच्या बाजाराला येणाऱ्या माणसालाही आमची वाडी ‘ती नदीपल्याडची’ एवढीच ठाऊक. तीसेक घरं, एक मारुती, एक पिंपळ. शाळा, रेशन, विहीर, पंचायत सगळं नदीपलीकडं, मोठ्या गावात.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी आम्हा मुलांना नदी ओलांडून शाळेत बोलावलं होतं. गुरुजी भाषणात म्हणाले, ‘‘आजपासून सत्ता तुमच्या हातात आली.’’ मी हात पुढे केला होता, पण तो बत्ताशासाठी. बत्ताशे मोठ्या गावच्या मुलांपाशीच संपले. आम्ही रांगेत शेवटी होतो, कारण आम्ही लांबून आलो होतो, आणि लांबून आलो म्हणून उशिरा आलो होतो. हे गणित मला पुढं राज्यशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात इतकं स्पष्ट सापडलं नाही.

मग जिल्हा परिषद आली, पंचायत समिती आली. सत्ता मुंबईहून निघाली, अलिबागला थोडं थांबली, तिथून एस.टी.नं कर्जतला आली, कर्जतहून बैलगाडीनं मोठ्या गावात आली आणि देवळापाशी चपला काढून बसली. नदी ओलांडून काही आली नाही. मोठ्या गावची ती ग्रुप ग्रामपंचायत होती, म्हणजे आसपासच्या चार-पाच वाड्यांची मिळून एक. आमची विहीर दर वर्षी मंजूर व्हायची आणि दर वर्षी मोठ्या गावच्या गटारावर, नाहीतर देवळाच्या फरशीवर खर्च व्हायची.

आमच्या घराण्यातच काय, आमच्या वाडीत कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. हे मी आजही सांगतो, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. मुंबईत मामाच्या चाळीतल्या खोलीत, खाटेखाली अंथरूण घालून मी बी.ए. झालो, राज्यशास्त्र घेऊन. ग्रीसची नगरराज्यं, स्वित्झर्लंडचे परगणे, छोट्या देशांची स्वायत्तता हे सगळं मला पाठ होतं. गावी आलो तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक दुमडलेलं प्रमाणपत्र आणि जगातल्या सर्व लहान राष्ट्रांविषयी अपार सहानुभूती होती. नोकरी नव्हती.

नोकरीच्या अर्जासाठी रहिवासाचा दाखला हवा होता म्हणून पंचायतीत गेलो. भिंतीवर पाटी होती. तिच्यावर मोठ्या गावाचं नाव ठळक अक्षरात, त्याखाली दोन वाड्यांची नावं आणि शेवटी ‘व इतर’.

‘‘आमची वाडी कुठाय यात?’’ मी सरपंचांना विचारलं.

सरपंच गोड बोलणारे होते. त्यांनी चष्मा वर करून पाटी नीट वाचली, जणू पहिल्यांदाच बघत होते. ‘‘ही काय. शेवटी. तुमीच ते.’’

‘‘आम्ही इतर?’’

‘‘अरे बाळा, पाटी केवढी, वाड्या केवढ्या. जागा पुरली नाय.’’

मी घरी आलो तो लाल होऊनच. आई भाकऱ्या थापत होती. मी तिला म्हटलं, ‘‘आई, आपण इतर नाही. आपण एक स्वतंत्र समाज आहोत. आपली नदी वेगळी, आपला मारुती वेगळा. आपल्याला आपली ग्रामपंचायत पाहिजे.’’

‘‘त्यानं काय व्हईल?’’

‘‘विहीर होईल. आपली सत्ता आपल्या हातात आली की पहिला ठराव विहिरीचा. तुला मी शब्द देतो.’’

आईनं भाकरी उलटली. ‘‘दे. तवर जरा सरपन आन.’’

असा आमचा स्वातंत्र्यलढा सुरू झाला.

लढ्याला माणसं जमवणं अवघड गेलं नाही. वाडीची गावकी, म्हणजे मारुतीच्या पारावर बसणारी आमची बाप्यांची बैठक, तिचा म्होरक्या माझा चुलता होता. काका चौथी शिकलेला, पण दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊन मग बिडी पेटवणारा. मी पारावर उभा राहून स्वित्झर्लंडवर पाऊण तास बोललो. बोलून झाल्यावर काकानं विचारलं, ‘‘तितं भात पिकतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग ते खातात काय?’’

‘‘चीज, म्हणजे दुधाचं...’’

‘‘राहू दे. विहिरीचं बोल.’’

मी विहिरीचं बोललो आणि सगळ्यांनी हात वर केले.

वेगळं व्हायचं तर आधी वेगळं दिसलं पाहिजे, असं मी ठरवलं. शिमग्याला आमच्या वाडीची होळी नसायची. पूर्वीपासूनची चाल अशी की आम्ही लाकडं डोक्यावर घेऊन नदीपलीकडे जायचं, मोठ्या गावच्या होळीत टाकायची, मागं उभं राहून बोंब मारायची आणि परत यायचं. नारळ त्यांच्या हातचा, पहिली प्रदक्षिणा त्यांची. त्या वर्षी आम्ही आमच्या माळावर आमची होळी पेटवली. होळीत मधोमध उभं करायला सावरीचं उंच, सरळ झाड लागतं. ते आमच्या शेतांत कुठलं? डोंगरावरच्या वाडीतल्या ठाकर आदिवासींनी वरून तोडून, खांद्यावरून वाहून आणलं, उभं केलं, रिवाजाप्रमाणे नाचलेही. आम्ही त्यांना पोळी दिली. मी भाषण केलं. ‘‘ही नुसती होळी नाही, ही एका अस्मितेची ज्योत आहे,’’ असं मी म्हणालो. लोकांनी बोंब मारली. ती अस्मितेसाठी होती की मी थांबावं म्हणून, याचा मी आजवर शोध घेतलेला नाही.

आणखी एक उद्योग केला, तो आता सांगताना कान गरम होतात. मी कर्जतला जाऊन रबरी शिक्का करून आणला. गोल, मधे भाताची लोंबी, कडेनं आमच्या वाडीचं नाव आणि त्याखाली ‘ग्रामपंचायत’. अर्ज अजून लिहायचा होता, पण शिक्का तयार. बानं तो हातात घेऊन पाहिला, शाईच्या गादीवर दाबला आणि पहिला ठसा माझ्याच प्रमाणपत्राच्या पाठीवर उठवला. ‘‘आता कसं पक्कं झालं,’’ म्हणाला.

अर्ज मी चार दिवस लिहीत होतो. सतरा पानं झाली. त्यात नदी होती, मारुती होता, स्वित्झर्लंड होतं, आईचा पायही होता, नाव न घेता. सोबत नकाशा जोडायचा होता. तो मी ड्रॉइंगच्या कागदावर रंगीत काढला. निळी नदी, पिवळी भातशेती, प्रत्येक घराला लाल कौलं. पूर्वेला डोंगर. डोंगराच्या पायथ्यापाशी मी आमची हद्द ठळक काळ्या शाईनं आखली आणि तिच्या पलीकडं, कागद रिकामा दिसू नये म्हणून, हिरवीगार झाडं काढली. शेवटी कोपऱ्यात सही ठोकली, बी.ए. सकट.

मोठ्या गावानं हरकत घेतली. मग चौकशी लागली. पंचायत समितीकडून एक साहेब सायकलवरून आले. बारीक, शांत माणूस, घाम पुसत पारावर बसले. वाडीतले सगळे बाप्ये गोळा झाले. बाया मारुतीच्या मागून ऐकत होत्या. मी शिक्का घाईघाईनं भाताच्या कणगीत लपवून आलो होतो.

साहेबांनी घरोघर माणसं मोजली. वेगळ्या पंचायतीला लोकसंख्येची अट असते. ती मला ठाऊक होती, मी बी.ए. होतो. म्हणून मी तान्ही मुलं, मुंबईला गिरणीत गेलेले बाप्ये, बाळंतपणाला आलेल्या दोन माहेरवाशिणी आणि अर्ज मंजूर होईपर्यंत तरी टिकतील अशी आशा असलेल्या तीन म्हाताऱ्या धरून बेरीज जुळवली होती. साहेबांनी गिरणीवाले वगळले, माहेरवाशिणी वगळल्या. म्हाताऱ्या तेवढ्या ठेवल्या.

‘‘भरत नाही,’’ साहेब म्हणाले.

साहेबांनी माझा नकाशा उघडून गुडघ्यावर पसरला. ‘‘नकाशा छान काढलाय. तुम्ही काढला?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. बी.ए. आहे असंही म्हणालो.

‘‘ही इथं वर झाडं कसली?’’

‘‘तो डोंगर आहे साहेब.’’

‘‘मी येताना त्या बाजूला धूर पाहिला. चुलींचा.’’

‘‘हां, ती डोंगरावरची वाडी. ठाकरांची.’’

‘‘म्हणजे तिथं माणसं राहतात?’’

‘‘राहतात.’’

‘‘किती घरं?’’

मी काकाकडं पाहिलं. काकानं माझ्याकडं पाहिलं. शेवटी मारुतीच्या मागून माझ्या आईचा आवाज आला, ‘‘बावीस.’’

साहेब नकाशाकडं बघत राहिले. ‘‘बावीस घरं. मग झाडं का काढलीत?’’

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, मी वाद घातला असता. पण त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. डोंगरावरची माणसं मी रोज पाहत होतो. ती आमच्याकडं लावणीला यायची, कापणीला यायची, मोळ्या विकायला यायची. आमच्या होळीचं झाडही त्यांनीच आणलं होतं. मोठ्या गावानं पाटीवर आम्हाला निदान ‘इतर’ तरी म्हटलं होतं. मी तेवढेही शब्द खर्च केले नव्हते.

‘‘त्यांची नावं जुन्या पंचायतीतच आहेत,’’ साहेब नकाशाची घडी घालून माझ्या हातात देत म्हणाले. ‘‘ते तुमच्यात यायला तयार असले तर बेरीज भरेल. पण त्यांनी स्वतः लिहून द्यायला पाहिजे. महिन्यानं मी पुन्हा येईन.’’ मग सायकलवर बसताना एवढंच म्हणाले, ‘‘आणि अर्ज एका पानात करा.’’

डोंगरावर मी आणि काका गेलो. तोवर मी त्या वाडीत एकदाही गेलो नव्हतो. मुंबईला गेलो होतो, अलिबागला दोनदा गेलो होतो, स्वित्झर्लंडला मनानं किती वेळा गेलो त्याला गणती नाही. ही वाट माझ्या घरामागून सुरू होत होती.

तिथं एका म्हातारीचा शब्द चालायचा. आमच्या आईच्या पायाला लावायला मुळ्या आणून देणारी तीच. ठाकर आपसात आपल्या बोलीत बोलतात, ती मला निम्मी कळते. माझ्याशी मात्र ती आमच्यासारखंच बोलली, मला सोपं जावं म्हणून. अंगणात नाचणीचं सूप घेऊन बसली होती. आजूबाजूला बाया, बाप्ये, पोरं जमली.

‘‘ये मास्तर. वाट सापडली?’’

मी मास्तर नव्हतो, पण शिकलेला म्हणजे तिच्या लेखी मास्तर. मी घसा खाकरून सुरुवात केली, ‘‘आजी, तुमचा-आमचा इतिहास एक, संस्कृती एक...’’

काकानं माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं. ‘‘म्हातारे, आमची मानसं कमी पडतात. तुमी आलात तर पंचायत व्हईल. एवढंच हाय.’’

‘‘आसं व्हय,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘त्यो कागद आनलाय का? चित्राचा?’’

बातमी आमच्या आधी डोंगर चढली होती. मला पिशवीतून नकाशा बाहेर काढावा लागला. म्हातारीनं तो सुपावर पसरला. सगळे वाकले.

‘‘ही नदी. हे तुमचं मारुती. कौलं काय लाल काढलीत रं, सासऱ्यानं दिल्यागत. आन आमी?’’

मी झाडांवर बोट ठेवलं. दुसरं काय करणार?

मग एक तरणी बाई खुदकन हसली. ‘‘ह्यो वाकडा सागवान म्हंजी माझा घोवच.’’

‘‘आन ही बोर तुझी सासू. काटं बघ किती काढल्यात.’’

‘‘माझं घर कुटं? माझ्या जाग्यावर तर झुडूप हाय!’’

‘‘तू झुडूपच हायस गं!’’

सगळी वाडी हसून हसून लोटपोट झाली. प्रत्येक जण आपलं झाड शोधू लागला. दोघांचं एका आंब्यावरून भांडण लागलं. काकाही हसू लागला, विश्वासघातकी माणूस. मी तेवढा मान खाली घालून सुपातले नाचणीचे दाणे बघत होतो.

म्हातारी शेवटपर्यंत हसली नाही. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, ‘‘शिमग्याला तुमच्या होळीचं झाड आमी आनलं. तवा आमी मानसं व्हतो. कागदावर आमीच झाडं झालो. असं कसं झालं रं मास्तर?’’

‘‘चुकलं,’’ मी म्हणालो. सतरा पानांनंतर माझ्या तोंडून निघालेला पहिला एका शब्दाचा मजकूर तो.

‘‘चुकलं तर चुकलं. येतो आमी तुमच्यात. पन पयली इहीर हितं.’’

‘‘इथं?’’

‘‘हितं. डोंगरावर. तुमची दुसरी. नायतर आमी आमच्या जुन्या पंचायतीत बरं हाव. तितंबी कोन इचारत नाय, हितंबी कोन इचारनार नाय. चालायचा तरास तरी कशाला?’’

काकानं बिडी पेटवली. त्याचा अर्थ मला कळला, त्याला अट पटली होती.

आम्ही डोंगर उतरू लागलो. पहिला ठराव विहिरीचा, असा मी आईला शब्द दिला होता. आई आता थकली होती. त्या उन्हाळ्यात ती हंड्याऐवजी कळशी नेऊ लागली होती, म्हणजे खेपा दुप्पट. विहीर एका वर्षानं लांबली तर ते वर्ष तिच्या त्याच पायावर जाणार होतं. राष्ट्रउभारणीच्या पुस्तकांत असल्या प्रसंगी पुढारी काय करतात ते लिहिलेलं असतं. घरी जाऊन आईला काय सांगायचं, ते नसतं.

आई ओटीवर वाल निवडत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. नकाशा, झाडं, म्हातारीची अट.

‘‘मग?’’ आई म्हणाली.

‘‘मग काय? मी तुला शब्द दिला होता.’’

‘‘वाळूतल्या खड्ड्यावर आमचं पानी भरून झालं की मागनं कोन येतं, ठावं हाय तुला?’’

‘‘कोण?’’

‘‘वरच्या बाया. आमी उठेस्तवर उनात उभ्या ऱ्हातात. मग खरवडून खरवडून कळशी भरतात आन तेवढा डोंगर चढतात. त्यातली एक पोटुशी हाय आता.’’ आईनं खराब वाल बाजूला टाकला. ‘‘मला नुसता वाकडा पाय हाय. मला इचारलं असतंस तर नकाशा मीच सांगितला असता. पन तू बिए.’’

‘‘पण तुझी विहीर...’’

‘‘दुसरी तर दुसरी. इहीर काय पळून जाते का?’’

गावकी मात्र इतक्या सहज ऐकेना. दुसऱ्या दिवशी पारावर कडाक्याचं भांडण झालं.

‘‘ठाकरांना पयली इहीर? आन आमी काय नुसती होळी पेटवायची?’’

‘‘अर्ज आमचा, खेटे आमचे, इहीर त्येंची?’’

‘‘ह्याच्यापरीस मोठा गाव बरा. निदान आपल्यातला तरी हाय.’’

या शेवटच्या वाक्याला मी उठलो. मला ग्रीसपासून सुरुवात करायची होती, पण तोंडातून आलं ते असं, ‘‘मोठ्या गावानं आपल्याला इतर म्हटलं म्हणून आपण वेगळे झालो. आपण डोंगरावरच्यांना तेही म्हटलं नाही. मीच नाही म्हटलं.’’ मग खाली बसलो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं भाषण. त्याचा काही परिणाम झाला असं मी म्हणणार नाही. परिणाम काकाच्या बोलण्याचा झाला.

काका म्हणाला, ‘‘त्येंच्याबिगर पंचायत नाय. पंचायतीबिगर इहीर नाय. दुसरी इहीर पायजे का कुठलीच नको, ते बोला. आन ज्याला पयलीच पायजे त्यानं बायकोला आज आराम द्यावा आन सवता कळशी घेऊन जावं.’’

मारुतीच्या मागं बाया हसल्या. ठराव मंजूर झाला.

महिन्यानं साहेब आले. अर्ज एका पानाचा होता. नकाशा नवा काढला, त्यात डोंगरावर बावीस घरं. एकेक घर म्हातारीनं शेजारी बसून सांगितलं, कुणाचं दार कुठल्या दिशेला तेसुद्धा. एका बाईनं आपल्या घरापुढं आंबा काढायला लावला. ‘‘आता काड झाड,’’ म्हणाली, ‘‘आता चालंल.’’ डोंगरावरच्यांनी लिहून दिलेल्या कागदावर अंगठेच अंगठे होते. साहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि या वेळी काही विचारलं नाही.

त्यानंतर कचेरीच्या पायऱ्या मी दोन वर्षं झिजवल्या. कर्जत झालं, अलिबाग झालं. खोपोलीवरून, पेणवरून एस.टी. बदलत जायचं आणि साहेब दौऱ्यावर आहेत असं ऐकून परत यायचं. मधल्या काळात मला खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत नोकरी लागली आणि मी खरोखरच मास्तर झालो. म्हातारीचं खरं ठरलं.

शेवटी पंचायत मंजूर होऊन निवडणूक आली तेव्हा सरपंच कोण, हा प्रश्न माझ्या मते प्रश्नच नव्हता. मी नवा सदराही शिवून घेतला होता. लोकांनी काकाला सरपंच केलं. बायांच्या राखीव जागेवर डोंगरावरची म्हातारी बिनविरोध आली. मला काका म्हणाला, ‘‘तू नोकरीवाला मानूस. आन तुझं अक्षर चांगलं हाय. ग्रामसेवक लागंस्तवर तू रविवारी येऊन ठराव लिहीत जा.’’ अशा तऱ्हेनं त्या राष्ट्राचा शिल्पकार त्याचा लेखनिक झाला. तोही ग्रामसेवक येईपर्यंतच.

शिक्काही वाया गेला. नव्या पंचायतीच्या नावात दोन्ही वाड्या आल्या आणि माझ्या शिक्क्यावर एकाच वाडीचं नाव. तो पुढं कित्येक वर्षं आमच्या कणगीतच होता. कुणाचं लग्न असलं की आई पापडांवर त्यातल्या भाताच्या लोंबीचा ठसा उठवायची. बाकीची अक्षरं तिनं बाच्या वस्तऱ्यानं खरवडून काढली होती.

पहिली सभा डोंगरावर म्हातारीच्या अंगणात झाली. मी मांडीवर वही घेऊन लिहिलं. ठराव क्रमांक एक, डोंगरावरच्या वाडीत पिण्याच्या पाण्याची विहीर. ठराव क्रमांक दोन, नदीकाठच्या वाडीत पिण्याच्या पाण्याची विहीर. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. ‘इतर’ हा शब्द त्या वहीत मी कुठंही वापरला नाही. एकदा काकानं ‘इतर विषय’ असं सांगितलं, तेव्हाही ‘आणखी विषय’ लिहिलं.

डोंगरावरच्या विहिरीला दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी लागलं. आमची विहीर त्याच्या पुढच्या वर्षी झाली, आमच्या ओटीपासून चाळीस पावलांवर. ती पावलं आईनं मोजली होती, वाकड्या पायानं. पहिला हंडा तिनं भरला. रहाट कुरकुरत होता. हंडा डोक्यावर घेऊन ती घराकडं निघाली तेव्हा मी सवयीनं तिच्या पायाकडं बघत मागून चाललो होतो. तिनं न वळताच म्हटलं, ‘‘काय बघतंस? इथं दगड नाय रं.’’

पुढं कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं तेव्हा ग्रामसेवकानं पंचायतीच्या पाटीवरचं जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहिलं. खाली वाड्यांची नावं होती, दोन्ही सारख्याच अक्षरांत. ती बदलावी लागली नाहीत.

आमची ग्रामपंचायत झाली. दोन विहिरी झाल्या. माझी आई त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि पाण्यासाठी तिनं पुन्हा नदी ओलांडली नाही.